मालकाला ‘नाही’ म्हणणारी कंपनी

२० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ ही तेलविहीर खोदणारी रिग पेटली. अकरा कामगार गेले आणि पुढचे ८७ दिवस समुद्राच्या तळातून तेल उसळत राहिलं. विहीर बीपी या ब्रिटिश तेलकंपनीची होती, रिग ट्रान्सओशन या कंपनीची. ट्रान्सओशनने रिगचा विमा बाहेरच्या बाजारात ५६ कोटी डॉलरला उतरवला होता. बीपीचा विमा होता ‘ज्युपिटर इन्शुरन्स’कडे. ही कंपनी इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर नोंदलेली, आणि तिची मालक खुद्द बीपी.

स्वतःचाच विमा उतरवण्यासाठी काढलेल्या अशा कंपनीला विम्याच्या धंद्यात ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. ज्युपिटरची जबाबदारी एका घटनेमागे जास्तीत जास्त ७० कोटी डॉलर होती. बीपीला ही दुर्घटना शेवटी पडली ६,००० कोटी डॉलरच्या वर. ज्युपिटरने पैसे दिले काय किंवा न दिले काय, बीपीच्या भागधारकाच्या दृष्टीने तो या खिशातला पैसा त्या खिशात. समूहाचा एकत्रित ताळेबंद मांडला की कॅप्टिव्हने दिलेली भरपाई आणि मूळ कंपनीला मिळालेली भरपाई एकमेकींना खाऊन टाकतात. नुकसान जिथल्या तिथे राहतं.

मग हा खटाटोप कशासाठी? बीपीपुरतं उत्तर १९९१ मध्ये सापडतं. त्या सुमारास बीपीने सगळ्या जगाच्या उलट धोरण ठरवलं. एक कोटी डॉलरच्या आतल्या नुकसानीसाठी स्थानिक व्यवस्थापकांनी बाजारातून खुशाल विमा घ्यावा. त्यावरच्या नुकसानीसाठी, कायद्याने बंधन नसेल तर, बाहेरच्या बाजारातून विमा घेऊच नये. आपण सामान्यतः छोटं सोसतो आणि मोठ्यासाठी विमा घेतो. बीपीचं म्हणणं असं की छोटे दावे हाताळण्यात विमा कंपन्या तरबेज असतात, त्यांच्यात स्पर्धाही असते, तेव्हा ते काम त्यांना द्यावं. प्रचंड नुकसान सोसण्याइतकं भांडवल मात्र त्यांच्यापेक्षा आमच्याकडेच जास्त आहे, आणि दावा मोठा झाला की त्या कोर्टात ओढतात. नील डोहर्टी आणि क्लिफर्ड स्मिथ यांनी १९९३ मध्ये या निर्णयावर लिहिलेला लेख वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही वाचायला लावतात. कोर्टाची भीती अनाठायी नव्हती. २०१० च्या दुर्घटनेनंतर ट्रान्सओशनच्या दायित्व विम्यातून आपल्यालाही संरक्षण मिळावं म्हणून बीपी भांडली. ७५ कोटी डॉलरच्या त्या संरक्षणाचा वाद टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल बीपीच्या विरुद्ध लागला.

कॅप्टिव्हचे इतर फायदेही आहेत. बाजारात जो विमा मिळतच नाही किंवा अव्वाच्या सव्वा दराने मिळतो, तो स्वतःच्या कंपनीत उतरवता येतो. पुनर्विम्याच्या, म्हणजे विमा कंपन्या स्वतःचा विमा जिथे उतरवतात त्या, घाऊक बाजारात थेट शिरता येतं. चांगलं वर्ष गेलं तर उरलेला हप्ता दुसऱ्याच्या नफ्यात जात नाही. करातही काही ठिकाणी सवलत मिळते; तो भाग पुढे येईलच. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या यंगस्टाउन या पोलादाच्या गावी फ्रेडरिक रीस नावाच्या गृहस्थांनी १९५० च्या दशकात ही कल्पना धंद्यात रुजवली आणि १९६२ मध्ये बर्म्युडात तिच्या व्यवस्थापनाची कंपनी थाटली. पुढे केमन, गर्न्सी, लक्झेंबर्ग अशी ठाणी उभी राहिली. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्याने वेगळा कायदा केला. जेमतेम साडेसहा लाख वस्तीच्या त्या डोंगराळ राज्यात आज सहाशेहून जास्त कॅप्टिव्ह आहेत.

आपल्याकडे या नावाची गोष्ट नसली तरी तिची भावंडं आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे एसटीसारखा सरकारी परिवहन उपक्रम स्वतःचा निधी उभारून तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्यातून सूट मागू शकतो. महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाचं विमा संचालनालय तर शासनाचा पैसा गुंतलेल्या संस्थांच्या मालमत्तेचा विमा सरकारी विमा निधीतून उतरवतं. मात्र खासगी उद्योगसमूहाने स्वतःपुरती विमा कंपनी काढायची म्हटली, तर आपल्या विमा कायद्याची किमान १०० कोटी रुपये भांडवलाची अट आडवी येते. व्हरमॉन्टमध्ये एकाच मालकाच्या साध्या कॅप्टिव्हला अडीच लाख डॉलर पुरतात.

आता मुद्द्याचं. कॅप्टिव्ह काढणं सोपं आहे. वकील, ॲक्च्युअरी (विम्याच्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ) आणि थोडं भांडवल असलं की काही महिन्यांत परवाना मिळतो. अवघड आहे ते तिचं संचालक मंडळ खरोखरचं मंडळ म्हणून चालवणं. साध्या विमा कंपनीवर चारी बाजूंनी दाब असतो. ग्राहक तक्रार करतो, भागधारक लाभांश मागतो, प्रतिस्पर्धी दर पाडतो, वर्तमानपत्रं लिहितात. कॅप्टिव्हचा ग्राहक आणि भागधारक एकच, प्रतिस्पर्धी नाही, आणि तिच्याबद्दल बातमी आलीच तर ती घोटाळ्याचीच. बाहेरून येणारी शिस्त तिथे नाही. ती मंडळाने आतून आणावी लागते, आणि मंडळावर माणसं कोण? बहुतेक वेळा मूळ कंपनीचा जोखीम व्यवस्थापक, कोषाध्यक्ष, वित्तप्रमुखाचा कोणी सहकारी, आणि कायद्याने लागतो म्हणून एक स्थानिक रहिवासी. पहिल्या तिघांचा पगार, बढती आणि बोनस मूळ कंपनीच्या हातात. कॅप्टिव्हमध्ये सहसा स्वतःचा एकही कर्मचारी नसतो. हिशेब, कायदेपूर्ती, दाव्यांची कागदपत्रं, इतकंच काय बैठकीचं इतिवृत्तसुद्धा, बाहेरची व्यवस्थापन कंपनी तयार करते.

व्हरमॉन्टचा कायदा सांगतो की मंडळाची वर्षातून निदान एक बैठक राज्यातच व्हावी आणि निदान एक संचालक तिथला रहिवासी असावा. म्हणून दूरदूरच्या शहरांतले अधिकारी वर्षातून एकदा व्हरमॉन्टमधल्या बर्लिंग्टनला उतरतात. मेपलची पानं लाल व्हायच्या सुमारास बैठक ठेवली तर हजेरी चांगली लागत असावी, असा माझा आपला अंदाज.

अशा बैठकीच्या कागदपत्रांचा गठ्ठा समोर घेऊ. वरती मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग तिमाही हिशेब, ॲक्च्युअरीचा अहवाल, ऑडिटरचं पत्र, चालू दाव्यांची यादी, गुंतवणुकीचा तक्ता, पुनर्विम्याच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव. या सगळ्यात खरा निर्णय मागणारी पानं दोन-तीनच असतात. समजा, एका रसायन समूहाच्या कॅप्टिव्हकडे ४ कोटी डॉलर जमले आहेत आणि गठ्ठ्याच्या शेवटी एक ठराव आहे: त्यातले ३ कोटी मूळ कंपनीला कर्जाऊ द्यावेत, मागताक्षणी परतफेड, व्याज बाजारभावाने. ठराव मांडणारा कॅप्टिव्हचा संचालक आहे, आणि तोच मूळ कंपनीचा कोषाध्यक्ष. म्हणजे देणाऱ्याच्या वतीने तोच बोलणार आणि घेणाऱ्याच्या वतीनेही.

हा ठराव मुळात गैर नाही. बहुतेक ठाण्यांवर नियामकाच्या परवानगीने असं कर्ज देता येतं, आणि पैसा बँकेत पडून राहण्यापेक्षा समूहाच्या कामी यावा ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न वेगळा आहे. कॅप्टिव्हला मोठा दावा कधी द्यावा लागेल? मूळ कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला की. आणि मूळ कंपनीला कर्ज फेडणं कधी जड जाईल? तेव्हाच. ‘मागताक्षणी परतफेड’ हे शब्द कागदावर कितीही ठसठशीत असले, तरी मागण्याची वेळ आणि देता न येण्याची वेळ एकच येते. शिवाय कॅप्टिव्ह परवानाधारक स्थानिक विमा कंपनीला पुढे करून पॉलिसी देत असेल, तर कॅप्टिव्हला त्या कंपनीकडे बँकेची हमी द्यावी लागते. कर्जात अडकलेल्या पैशावर बँक हमी देत नाही. या ठरावावर जाणत्या मंडळाने विचारावं: मूळ कंपनीची पतश्रेणी किती पायऱ्या घसरली की कर्ज परत मागवायचं? ते ठरवणार कोण? कोषाध्यक्षाने मतदानात भाग घेऊ नये, हे नियमात आहे का? इतिवृत्तात ही चर्चा नोंदलेली असेल, तर नियामकाला आणि ऑडिटरला फार काही विचारावं लागत नाही. नुसतं ‘ठराव एकमताने संमत’ असेल तर पुढचं सगळं विचारावं लागतं.

हे सगळं विसरलं की काय होतं, याचा सविस्तर दस्तऐवज अमेरिकेच्या कर न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मधल्या एका निकालात ठेवला आहे. ॲरिझोनातल्या फिनिक्सचं एक सराफ कुटुंब. धंदा चांगला, दुकानं चालणारी, जोडीला जागाजमिनी. २००७ मध्ये त्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर ‘फीडबॅक’ नावाची स्वतःची विमा कंपनी काढली. छोट्या विमा कंपन्यांसाठी अमेरिकी करकायद्यात एक तरतूद आहे. तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे वर्षाला १२ लाख डॉलरपर्यंत हप्ता घेणाऱ्या कंपनीला हप्त्याच्या उत्पन्नावर कर नाही, फक्त गुंतवणुकीच्या उत्पन्नावर. हप्ता भरणाऱ्या धंद्याला मात्र तो खर्च म्हणून पूर्ण वजा करता येतो. कर कमी करण्याची ही वाट कायद्यानेच आखलेली आहे. तिच्यावरून चालायला हरकत नाही, पण चालणारी कंपनी खरी विमा कंपनी हवी.

२००६ मध्ये हे कुटुंब विम्यावर दीड लाख डॉलरच्या जरा वर खर्च करत होतं. २००९ मध्ये तोच आकडा ११ लाखांवर गेला आणि पुढच्या वर्षी १३ लाखांवर. दुकानं तीच, जोखीम तीच. सराफी दुकानांना दहशतवादी हल्ल्यापासून संरक्षण म्हणूनच वर्षाला ३ लाख ६० हजार डॉलर मोजले जात होते. पॉलिसींची भाषा संदिग्ध, काही कलमं परस्परविरोधी. करखात्याने चौकशी सुरू करेपर्यंत एकही दावा केला गेला नव्हता. नंतर दावे आले आणि त्यांचा निकाल सुचेल तसा लावला गेला. जमलेला पैसा गेला कुठे? कुटुंबाशीच संबंधित असलेल्यांना, दीर्घ मुदतीच्या कर्जांच्या रूपाने. पैसे हलवण्याआधी नियामकाची परवानगीही घेतलेली नव्हती. न्यायमूर्ती मार्क होम्स यांनी निष्कर्ष काढला की हा विमाच नव्हे. वजावटी नामंजूर झाल्या.

हा निकाल साधारणतः कराचा म्हणून वाचला जातो. मला तो कारभाराचा वाटतो. त्यातला एकेक दोष संचालक मंडळाच्या टेबलावर पकडता आला असता: हप्ता एवढा का, पॉलिसीचा मसुदा कोणी वाचला, दाव्यासाठी कार्यपद्धती काय, कर्ज कोणाला आणि कोणाच्या परवानगीने. कागदावर कंपनीकडे सगळं होतं. परवाना, ॲक्च्युअरी, वकील, व्यवस्थापक, सगळे हजर. प्रश्न विचारणारा माणूस तेवढा नव्हता.

केमन बेटांवर याच रोगाचं दुसरं प्रकरण गाजलं, ते एका गुंतवणूक फंडाचं. २००९ मध्ये ‘वीव्हरिंग’ नावाचा फंड बुडाला. त्याचे दोन संचालक फंड चालवणाऱ्याचे जवळचे नातेवाईक होते आणि समोर येतील त्या कागदांवर सह्या करत होते. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या दोघांवर ११ कोटी १० लाख डॉलरची जबाबदारी टाकली आणि बेटांवरच्या पेशेवर संचालकांची झोप उडाली. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती जबाबदारी काढून टाकली: निष्काळजीपणा होता, पण फंडाच्या नियमावलीत संचालकांना दिलेलं संरक्षण मोडण्याइतका तो जाणूनबुजून केलेला आहे हे सिद्ध झालं नाही. डोळे मिटून केलेली सही संचालकाला वाचवू शकते, कंपनीला नाही.

नियामकांनी यावर काय केलं? सगळ्यात सविस्तर नियम अमेरिकेत ‘रिस्क रिटेन्शन ग्रुप’ या प्रकाराला लागू झाले. १९८६ च्या केंद्रीय कायद्याखाली एकाच व्यवसायातले अनेक जण, डॉक्टर, वकील, ट्रकमालक, मिळून आपल्या दायित्वाची विमा कंपनी काढतात, ती ही. तिच्या मंडळात बहुमत स्वतंत्र संचालकांचं हवं, लेखापरीक्षण समिती हवी, आणि महत्त्वाच्या सेवा पुरवणाऱ्यांशी पाच वर्षांपेक्षा लांब मुदतीचा करार नको. नियमातली मौज अशी की या गटाचा सभासद, म्हणजे स्वतः विमा घेणारा मालक, ‘स्वतंत्र’ धरला जातो. वाचून पहिल्यांदा चक्रावायला होतं. मग ध्यानात येतं की नियम करणाऱ्यांना भीती मालकांची नाही, व्यवस्थापकाची आहे. डॉक्टरांच्या नावाने कंपनी निघायची, आणि ती चालवणारी व्यवस्थापन कंपनी हप्त्यातला मोठा वाटा शुल्कापोटी उचलून न्यायची. पैसा ज्याचा त्याला मंडळावर बहुमत द्या, एवढाच त्याचा अर्थ.

एकाच मालकाच्या कॅप्टिव्हला हे औषध जसंच्या तसं चालत नाही. तिथे धोका मालकाकडूनच आहे. म्हणून बाहेरचा एखादा संचालक घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला बरा आहे, पण माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. बेटांवरचे काही पेशेवर संचालक एकाच वेळी डझनावारी कंपन्यांच्या मंडळांवर असतात, आणि मानधन देणाराच त्यांना काढूही शकतो. अशा माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या नेमणूकपत्रातून येत नाही, त्याच्या जाणकारीतून येतं. विमा हप्त्याची किंमत कशी निघते आणि दाव्याची राखीव रक्कम कमी दाखवली तर ती कुठे दिसते, हे समजणारा एक निवृत्त विमा अधिकारी तीन नामवंत नावांपेक्षा उपयोगी.

मूळ कंपनीला ‘नाही’ म्हणण्याचा सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रसंग दाव्याचा आहे. दावा पॉलिसीत बसत नाही, पण तिमाहीचे आकडे वाईट आहेत आणि वरून निरोप येतो की कॅप्टिव्हने द्यावा. आपलेच पैसे, कशाला अडवायचे? एकदा दिला की दोन गोष्टी घडतात. पुनर्विमा कंपनी आपला वाटा द्यायला नकार देते, कारण तिने पॉलिसीच्या शब्दांवर हप्ता घेतलेला असतो, मालकाच्या इच्छेवर नाही. आणि करखात्याला हवा असलेला पुरावा आयता मिळतो की हा विमा नसून समूहाचा गल्ला आहे.

आतापर्यंत मंडळाने काय टाळावं याबद्दल बोललो. मंडळ चांगलं असेल तर काय घडू शकतं याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला दाखला तेलाच्या किंवा पोलादाच्या धंद्यातला नाही, रुग्णालयांचा आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांनी विमा कंपन्यांचं कंबरडं मोडलं. काहींनी डॉक्टरांचा विमा द्यायचंच थांबवलं, उरलेल्यांनी हप्ते भरमसाट वाढवले. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयांनी १९७६ मध्ये केमन बेटांवर स्वतःची कॅप्टिव्ह काढली. ती ‘क्रिको’ या नावाने ओळखली जाते. सुरुवातीचा हेतू साधा होता: विमा मिळत राहावा. पण सगळ्या संलग्न रुग्णालयांचे दावे एकाच ठिकाणी जमा होऊ लागले, आणि तीन वर्षांनी त्यांच्या अभ्यासासाठी वेगळी संस्थाही निघाली. बाहेरच्या विमा कंपनीच्या कपाटात दाव्याची फाइल म्हणजे खर्च. इथे ती डॉक्टरांच्याच हातात परत येत होती.

फाइली उलगडल्यावर दिसलं की विमाधारक डॉक्टरांमध्ये भूलतज्ज्ञ संख्येने अगदी थोडे, पण भरपाईच्या पैशात त्यांचा वाटा त्या मानाने कितीतरी जास्त. हप्ता वाढवून हिशेब जुळवणं हा विमा कंपनीचा सरधोपट मार्ग. इथे भूलशास्त्राच्या विभागप्रमुखांना एकत्र बसवून एकेक प्रकरण तपासायला सांगितलं गेलं. वारंवार तेच निघत होतं: नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेलेली, किंवा श्वास चालवणारी जोडणी सुटलेली, आणि ते वेळेत कोणाच्या लक्षात न आलेलं. औषधं चुकली म्हणून नाही, लक्ष नव्हतं म्हणून माणसं गेली होती.

१९८५ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देताना पाळायचे किमान नियम लागू केले. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत खोली सोडायची नाही. रक्तदाब आणि नाडीचा वेग निदान दर पाच मिनिटांनी नोंदायचा. हृदयाचा आलेख सतत चालू. श्वास आणि रक्ताभिसरणावर अखंड नजर. आज वाचताना वाटतं, हे सांगायला कशाला लागतं? तेव्हा लागलं, आणि अनुभवी डॉक्टरांना आपल्या कामात नियमांची ढवळाढवळ आवडलीही नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये हे नियम अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. ऑक्टोबरमध्ये देशभरच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपले नियम मंजूर केले. पुढच्या काही वर्षांत भूलतज्ज्ञांचे विमा हप्ते उतरले.

हे जमलं यामागे संस्थेची रचना आहे. जोखीम कमी करण्याची ताकद ज्यांच्याकडे होती, ती माणसं कंपनीच्या कारभारात होती. रुग्णालयांचे प्रमुख आणि डॉक्टर दाव्यांचे आकडे पाहत आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या रुग्णालयात जाऊन आदेश देऊ शकत. कारखानदार समूहाच्या कॅप्टिव्हमध्ये सहसा उलट असतं. मंडळावर वित्तखात्याची माणसं. प्रत्यक्ष कारखाना चालवणारा त्या खोलीत कधी पाऊल टाकत नाही, आणि त्याच्या वाट्याचा हप्ता मुख्यालयाच्या खर्चात मिसळून जातो. कोणत्या युनिटमध्ये आगी जास्त लागतात हे ॲक्च्युअरीच्या अहवालाच्या परिशिष्टात असतं, आणि परिशिष्ट कोणी उघडत नाही. काही समूहांनी यावर साधा उपाय केला आहे: हप्ता युनिटवार लावायचा, त्या-त्या युनिटच्या दाव्यांच्या इतिहासावर, आणि तो युनिटप्रमुखाच्या नफातोट्यात धरायचा. मग युनिटप्रमुख स्वतःहून फोन करतो, तावातावाने विचारतो की आमचा दर शेजारच्या युनिटपेक्षा जास्त का. त्याला पुढच्या बैठकीला बोलवावं.